एमटीबीचे (माउंटन बाइकचे) पार्ट बदलताय? पैसे देण्याआधी या चुका टाळा

सात गिअरची सायकल नऊ गिअरची करायची ठरली की बरेच जण आधी कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा, म्हणजे स्प्रॉकेटचा संच) मागवतात आणि मग मागचं चाक उघडतात. तेव्हा कळतं, की हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) कॅसेट बसायची सोयच नाही. सुरुवातीच्या किमतीच्या बहुतेक एमटीबींना हबच्या आट्यांवर थेट बसणारा स्प्रॉकेटचा संच, म्हणजे फ्रीव्हील असतं. वरवर पाहता दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून ही चूक सगळ्यात जास्त होते.

ओळखायचं असं: चाक काढा, स्प्रॉकेट उलट्या दिशेने फिरवा आणि मध्यभागी पाना बसवायच्या खाचा असतात त्यांच्याकडे बघा. खाचा स्प्रॉकेटबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील. आठ-नऊ गिअरची फ्रीव्हीलही मिळतात, पण ती घेऊ नका. फ्रीव्हील हबचं उजवं बेअरिंग फार आत असतं, बाहेरचा ॲक्सल आधाराविना राहतो. पुण्याच्या वेताळ टेकडीच्या खडकाळ उतारावर दोन-चार महिने आदळला की तो वाकतो. त्या पैशात कॅसेट हबचं चाक घ्या. नुसता हब बदलणार असाल तर रिमची भोकं मोजा: ३२ भोकांच्या रिमला ३६ चा हब चालत नाही.

हबची रुंदी फ्रेम ठरवते. मागच्या दोन ड्रॉपआउटच्या (फ्रेमच्या, ॲक्सल बसतो त्या खाचांच्या) आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. १३५ मिमी असेल तर क्विक रिलीज (लिव्हरने आवळायचा बारीक दांडा). १४२ × १२ आणि १४८ × १२ हे थ्रू ॲक्सल (आरपार जाणारा जाड दांडा), त्यातलं १४८ म्हणजे बूस्ट नावाचं रुंद माप. काही नव्या स्वस्त फ्रेमना १४१ मिमीचा क्विक रिलीजही असतो. ॲल्युमिनियमची फ्रेम ताणून किंवा दाबून यातला फरक भरून काढायचा सल्ला कुणी दिला, तर तिथून सायकल घेऊन निघा.

मग फ्रीहब, म्हणजे हबचा कॅसेट बसते तो भाग. शिमानोच्या जुन्या, एचजी प्रकारच्या फ्रीहबवर ८, ९ आणि १० गिअरच्या कॅसेट बसतात. सात गिअरची कॅसेटही बसते, फक्त मागे ४.५ मिमीचा स्पेसर लागतो. पण १० दातांपासून सुरू होणारी कॅसेट एचजीवर बसत नाही. बारा गिअरच्या शिमानो डिओरची १०-५१ कॅसेट मायक्रो स्प्लाइन फ्रीहबवरच बसते, आणि स्रॅम कंपनीच्या १० दातांपासूनच्या कॅसेटना एक्सडी फ्रीहब लागतो. एचजीच ठेवून बारा गिअर हवे असतील तर ११ दातांपासूनची कॅसेट शोधा. स्रॅमची एनएक्स ईगल ११-५० त्यातलीच.

शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) आणि मागचा डिरेलर (चेन एका स्प्रॉकेटवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ही जोडी आहे. शिफ्टर एका क्लिकला किती केबल ओढतो, यावर डिरेलर किती सरकतो ते ठरतं. शिमानोचे आठ आणि नऊ गिअरचे एमटीबी डिरेलर एकमेकांच्या जागी चालतात, त्यामुळे नऊवर जाताना चांगल्या स्थितीतला जुना डिरेलर ठेवता येतो. दहा गिअरच्या एमटीबीत मात्र हे प्रमाण बदललं. नऊचा डिरेलर आणि दहाचा शिफ्टर जोडला, की एका टोकाचा गिअर बरोबर लावला तरी पुढचे चुकत जातात आणि करकरत राहतात. असं झालं तर बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण बदलणारा स्क्रू) फिरवत बसू नका, केबल कितीही ताणली तरी प्रमाण बदलत नाही.

खरेदीआधी हँडलवर एक नजर टाका. अनेक सायकलींना शिफ्टर आणि ब्रेक लिव्हर एकाच पीसमध्ये असतात. तिथे नुसता शिफ्टर बदलता येत नाही. ब्रेक लिव्हरचा खर्च आधीच धरा.

सिंहगडाचा चढ सोपा जावा म्हणून मोठी कॅसेट लावताना डिरेलरचे दोन आकडे तपासा: सगळ्यात मोठं स्प्रॉकेट किती चालतं आणि एकूण क्षमता (पुढच्या आणि मागच्या दातांच्या फरकांची बेरीज) किती. समजा पुढे ४२-३४-२४ आणि मागे ११-३४ आहे: (४२ − २४) + (३४ − ११) = ४१ दात. मागे ११-४२ लावली तर बेरीज ४९ होते. डिरेलरची क्षमता तेवढी नसेल तर पुढे-मागे दोन्हीकडे लहान चकती असताना चेन लोंबकळते. पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) ठेवली तर क्षमतेचा प्रश्न सुटतो, पण ३६ दातांपर्यंतचाच डिरेलर ४२ वर घासणारच.

चेनची जाडी गिअरच्या संख्येनुसार घ्या. आठसाठीची बाहेरून साधारण ७.१ मिमी असते, बारासाठीची ५.३ च्या आसपास. नवी चेन लावल्यावर जोर दिला की एखाद-दुसऱ्या गिअरवर उडी मारत असेल, तर दोष बहुधा कॅसेटच्या झिजलेल्या दातांचा असतो.

ब्रेकमध्ये चूक झाली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून इथे घाई नको. व्ही-ब्रेकवरून (रिमवर दाबणाऱ्या) डिस्कवर जायचं तर फ्रेम, फोर्क आणि दोन्ही हब, चारही ठिकाणी डिस्कची सोय हवी. रोटर (ब्रेकची चकती) सहा बोल्टचा की मध्ये एकाच रिंगने आवळायचा सेंटर लॉक, तेही बघा. पावसाळ्यात चिखलामुळे रेझिन पॅड भराभर झिजतात म्हणून मेटल पॅड घ्यावेसे वाटतात, पण त्याआधी रोटरवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं इंग्रजीत कोरलेलं आहे का ते वाचा. तसं असेल तर मेटल पॅड तो रोटर झपाट्याने खातात. शिमानो आणि टेक्ट्रोला मिनरल ऑइल लागतं, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट ब्रेक फ्लुइड. चुकीचं तेल गेलं तर सील फुगतात आणि लिव्हर कामातून जातो. लिव्हरच्या झाकणावर लिहिलेलं वाचूनच बाटली उघडा.

फोर्क घेताना स्टिअरर (फोर्कची फ्रेममध्ये जाणारी नळी) सरळ (२८.६ मिमी) की खाली रुंद होणारा टेपर्ड, हे पाहा. टेपर्ड फोर्क ३४ मिमीच्या जुन्या हेडट्यूबमध्ये (फ्रेमच्या पुढच्या नळीत) जात नाही. ४४ मिमीची असेल तर खाली बेअरिंगचा बाहेरचा कप लावून जमतं. १०० मिमी ट्रॅव्हलच्या (फोर्क दबण्याच्या अंतराच्या) फ्रेमला १२० चा फोर्क लावला, की हेड अँगल (हेडट्यूबचा कोन) साधारण एक अंशाने कमी होतो आणि चढावर पुढचं चाक भरकटतं. त्याहून लांब फोर्क लावू नका. फ्रेमवर त्याचा ताण येतो.

सीटपोस्टचा आकडा त्याच्या खालच्या भागावर कोरलेला असतो: २७.२, ३०.९, ३१.६. ३१.६ च्या फ्रेममध्ये ३०.९ घातला तर कितीही आवळला तरी खाली सरकतो. हँडल आणि स्टेमचा (हँडल फोर्कला जोडणाऱ्या भागाचा) क्लॅम्प जुळवा: २५.४, ३१.८ किंवा ३५ मिमी. टायरवर इंचाऐवजी आयएसओ आकडा (टायर बसतो तिथला रिमचा व्यास, मिमीमध्ये) वाचा: ५५९, ५८४, ६२२. ‘सव्वीसचा द्या’ म्हटलं तर २६ × १ ३/८ (५९०) हातात येऊ शकतो, तो एमटीबीच्या ५५९ रिमवर बसत नाही.

एवढं जुळवूनही गिअर नीट लागत नसतील तर डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारी पट्टी) तपासा. सायकलच्या मागे उभं राहून पाहिलं, तर डिरेलरच्या दोन्ही छोट्या चकत्या स्प्रॉकेटच्या रेषेत दिसायला हव्यात. नवा हँगर घ्यायला जाताना जुना सोबत न्या आणि बोल्टच्या भोकांची जागा एकावर एक ठेवून बघा, कारण नुसत्या सायकलच्या नावावरून दिलेला हँगर बऱ्याचदा दुसऱ्याच फ्रेमचा निघतो.