बोटीच्या शोअर पॉवरची (धक्क्यावरून बोटीला येणारी वीज) अर्थ वायर झिंक खात होती
माझ्या बोटीचा झिंक अॅनोड (स्वतः झिजून बाकीचे धातू वाचवणारा जस्ताचा तुकडा) आधी वर्षभर टिकायचा, यावेळी २ महिन्यात संपला आणि प्रोपेलर गुलाबी पडायला लागला, म्हणजे मिश्रधातूतलं जस्त निघून चाललेलं, बघून पोटात गोळाच आला. नवीन झिंक लावलं, सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत बोटीच्या धातूंचं व्होल्टेज मोजतात तो) पाण्यात सोडून मल्टिमीटर जोडला, तर शोअर पॉवर असताना -६५० मिलिव्होल्ट, प्लग काढला की हळूहळू -९३० (आकडा जास्त ऋण म्हणजे धातूंना संरक्षण जास्त). नुसता ब्रेकर पाडून भागत नाही बरं का, अर्थ जोडलेलाच राहतो. त्याच वायरने शेजारच्या बोटी आपल्याशी जोडल्या जातात आणि आपलं झिंक त्यांचे धातू वाचवत बसतं. अर्थ वायर कापायची मात्र अजिबात नाही, जीवावर बेतेल! तिच्यात गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (गंजवणारा कमी व्होल्टेजचा प्रवाह अडवणारं, पण बिघाड झाला तर अर्थचं काम चालू ठेवणारं उपकरण) बसवला, आता प्लग लावूनही -९२० च्या आसपास आहे.