नॉर्वेजियन ‘बील’ची व्युत्पत्ती सांगताना या चुका टाळा

नॉर्वेजियन भाषेत मोटारीला ‘बील’ म्हणतात. त्यातला इकार दीर्घ आहे. ऱ्हस्व ‘बिल’ लिहिले की मराठी वाचकाला उंदराचे बीळ नाहीतर हॉटेलचे बिल आठवते, आणि चुकांची सुरुवात तिथूनच होते.

नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियन, पुराणात बिल नावाची एक देवी आहे, म्हणून काही जण मोटारीचे नाव तिच्याशी जोडतात. अशा वेळी आधी वस्तूचे वय पाहावे. कार्ल बेंझने मोटारीचे पेटंट 1886 मध्ये घेतले, तेव्हा तिच्या नावासाठी पुराणकाळात जाण्याचे कारण नाही. ‘बील’ हे ‘आउटोमोबील’चे शेपूट आहे. तेही नॉर्वेत तुटलेले नाही: डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या ‘पोलिटिकेन’ या वृत्तपत्राने 1902 मध्ये सुटसुटीत नावासाठी स्पर्धा घेतली, त्यातून ते पुढे आले आणि नॉर्वे व स्वीडननेही उचलले.

‘बील’चा मूळ अर्थ ‘गाडी’ किंवा ‘चालणे’ असा देणे हीदेखील चूकच. ‘आउटोमोबील’मधला ‘मोबील’ ज्यावरून आला त्या लॅटिन ‘मोबिलिस’मध्ये (हलू शकणारा) हालचालीचा अर्थ सुरुवातीच्या ‘मो’मध्ये आहे आणि ‘बिलिस’ हा केवळ योग्यता दाखवणारा प्रत्यय आहे. आपण ‘गमनीय’मधला ‘गम्’ टाकून नुसत्या ‘अनीय’ला गाडी म्हणावे, तसाच हा प्रकार. गंमत अशी की नॉर्वेत ‘मोबील’ म्हणजे खिशातला फोन.

समासाची फोड करतानाही जपावे. ‘बीलडेक’ म्हणजे मोटारीचा टायर, त्यात बील आहे. पण चित्र या अर्थाच्या ‘बिल्डे’त किंवा तिकीट या अर्थाच्या ‘बिलेट’मध्ये मोटारीचा संबंध नाही.

आपल्याकडची लाडकी चूक मात्र वेगळीच. नॉर्वेजियन ‘वोग्न’, म्हणजे गाडा किंवा डबा, हा शब्द दिसला की तो संस्कृत ‘वाहन’वरून आला असे ठोकून दिले जाते. नाते खरे आहे, पण ते आई-मुलाचे नसून दूरच्या भावंडांचे आहे. ‘वाहन’ ज्यापासून बनले तो ‘वह्’ धातू आणि ‘वोग्न’ ही दोन्ही एकाच इंडो-युरोपीय मुळातून, म्हणजे संस्कृत आणि युरोपातल्या बहुतेक भाषांच्या सामाईक पूर्वज भाषेतून, स्वतंत्रपणे उतरली. संस्कृतातल्या ‘ह’च्या जागी तिकडे ‘ग’ येतो, हा योगायोग नव्हे, कारण आपल्या ‘हंसा’चा नॉर्वेतला भाऊबंद ‘गोस’ आहे आणि त्याचा अर्थ हंसाच्याच कुळातला पक्षी, इंग्रजीतला ‘गूस’. असे जोडीदार शब्द हाती नसतील, तर केवळ ध्वनिसाम्यावर नाते जाहीर करू नये.