बीव्हरचं कातडं टॅनिंगला घालायच्या आधी काय काय करून ठेवायचं

आधीच सांगतो, बीव्हर म्हणजे नदी-तळ्यात राहणारा, चपट्या शेपटीचा, उंदराच्या जातीतला मोठा प्राणी, आणि मी तो सापळ्यात पकडणारा ट्रॅपर नाही, कॅनडातल्या उत्तर ऑन्टारिओत राहणारा साधा नोकरदार माणूस, पण शेजारचे आजोबा आयुष्यभर ट्रॅपलाइनवर (सापळे लावायच्या ठरलेल्या वाटेवर) गेलेले आणि गेले काही हिवाळे मी त्यांच्या गॅरेजमध्ये हाताखाली राबतोय. लायसन्स त्यांचं, कोर्स त्यांनी केलेला, सापळे त्यांचे, माझ्या वाट्याला चरबी. (भारतात बसून वाचणाऱ्यांनी हे नुसतं वाचायचं, आपल्याकडे वन्यजीव कायदा आहे, उगाच कुठल्या ऊदमांजराच्या मागे लागू नका.) टॅनिंगचं, म्हणजे कातडं कमावण्याचं, केमिकल बाजारात तयार मिळतं, त्यात डोकं लागत नाही, कातडं बिघडतं ते त्याच्या आधी. म्हणून ही यादी फक्त आधीच्या कामाची आहे.

पहिलं म्हणजे कातडं कुठल्या दिवसांतलं आहे ते बघा. इथे जानेवारी ते मार्च बर्फाखालून निघालेल्या बीव्हरची लव दाट असते आणि कातड्याची आतली बाजू क्रीमसारखी पांढरट दिसते, हिवाळा भरात येण्याआधीच पकडलेल्याची आतली बाजू निळसर काळपट, म्हणजे केस अजून वाढतायत. तसलं कातडं शिकायला घ्या, टोपी शिवायला नको. वसंतात ही जनावरं आपसात भांडतात, चावतात, त्याचे व्रण आतून भोकांसारखे दिसतात, तेही एकदा उजेडात धरून बघून घ्यायचं म्हणजे नंतर आपल्या सुरीला दोष द्यायला नको.

हातमोजे आधीच काढून ठेवा, रबरी आणि जाड. बीव्हरकडून ट्युलरेमिया (बॅक्टेरियाचा ताप) होऊ शकतो आणि जिआर्डियाही (पोट बिघडवणारा परजीवी), हाताला साधा ओरखडा असला तरी मोज्याशिवाय हात लावायचा नाही, आजोबा स्वतः लावतात पण ते आजोबा आहेत.

सोलण्याची पद्धत कोल्हा किंवा मिंक (मुंगसाएवढा लवदार प्राणी) यांच्यासारखी नसते. त्यांचं कातडं मोज्यासारखं उलटं ओढून काढतात, बीव्हरचं मात्र खालच्या ओठापासून गुदद्वारापर्यंत पोटावरून एक सरळ चीर आणि पुस्तकासारखं उघडायचं. पायांवरून लांब चिरा मारायच्या नाहीत, जिथे केस संपतात तिथे गोल कापून पाय मोकळा करायचा, म्हणजे चार छोटी भोकं राहतात आणि ती नंतर शिवता येतात. शेपूट केसांच्या रेषेवर कापून बाजूला. शेपटाजवळ आतल्या बाजूला कॅस्टरच्या दोन पिशव्या असतात, त्या अत्तराच्या धंद्यात जातात, वाळवून विकता येतात, त्यामुळे त्या अलगद काढायच्या, फोडायच्या अजिबात नाहीत. मी एकदा फोडली आणि तो तपकिरी द्रव केसांवर गेला, आठवडाभर गॅरेजला एक विचित्र गोडसर वास होता, बायकोने तेव्हापासून गॅरेजचे कपडे वेगळे केलेत.

आता धुणं. लोक इथेच चुकतात, सरळ खरवडायला बसतात. केसांत काड्या, चिखल, रक्ताच्या गाठी असतात, आणि कातड्याखाली एखादी बारीक काडी राहिली की तिथे उंचवटा होतो, सुरी त्यावरून जाते आणि रुपयाएवढं भोक! म्हणून आधी गार पाण्यात धुवा (गरम पाण्यात नाही, रक्ताचा डाग पक्का बसतो), कुत्र्याचा तारेचा ब्रश घेऊन केस विंचरा, मग झटकून टांगून पाणी निथळू द्या.

त्यानंतरची खरी कसरत म्हणजे खरवडणं, फ्लेशिंग. यासाठी कंबरेला टेकेल असा उतरता गुळगुळीत लाकडी ओंडका, ज्याला इथे बीम म्हणतात, आणि दोन मुठींची लांब सुरी लागते, किचनच्या चाकूने हे काम होत नाही, प्रयत्न करून झालाय. बीव्हर अति चरबाळ प्राणी, चरबीखाली पुन्हा एक चिवट पांढरा पापुद्रा असतो आणि तो मानेजवळ असा चिकटलेला असतो की घाम फुटतो. कातडं अगदी गार असेल तर चरबी मेणासारखी घट्ट होऊन सुरी घसरते, फार कोमट झालं तर चरबी वितळून केसांत उतरते, म्हणून साधारण खोलीच्या तापमानाला आलेलं घ्या. सुरी धारेवर नाही तर तिरकी धरून ढकलायची, मधून कडांकडे, पोटाकडच्या बाजूला हात हलका, तिथे कातडं पातळ असतं. आणि लोभ नको. जास्त खोल गेलात तर केसांची मुळं कापली जातात आणि उलटून बघितलं की वरचे केस हाताला लागून येतात. बरोबर झालं आहे हे ओळखायचं कसं, तर अंगठ्याचं नख जोरात दाबून ओढायचं, नखापुढे साबणासारखं पिवळसर काही गोळा झालं तर चरबी अजून आहे, नुसता ओलावा आला तर झालं. मध्येमध्ये हाताला मूठभर लाकडाचा भुसा लागतो, कातड्यावर टाकून चोळला की तेल पितो, पण मेपलसारख्या लाकडाचा घ्या, पाइनचा नको, त्याची राळ चिकटते.

चरबीबद्दल एवढं लिहितोय कारण माझं पहिलं कातडं तिनेच घालवलं. एप्रिलचा पहिला उबदार वीकेंड, अर्धं खरवडून झालं होतं, म्हटलं उरलेलं सोमवारी करू आणि गॅरेजमध्ये तसंच गुंडाळून ठेवलं. सोमवारी पोटावरून हात फिरवला तर केस मुठीत, जसा आजारी कुत्र्याचा झडतो तसा पुंजका. याला इथे हेअर स्लिप म्हणतात, बॅक्टेरिया केसांची मुळं सोडवतात, सुरुवात पोट आणि कानांपासून, आणि एकदा सुटलेला केस कुठलंही केमिकल परत धरून ठेवत नाही. आपल्याकडे चप्पल-बुटांच्या चामड्याला चुन्यात घालून केस मुद्दाम काढतात, मग हिरडा-बाभळीने कमावतात, इथे सगळं उलटं, केस ठेवण्यासाठीच सगळा खटाटोप. गंमत म्हणजे जुन्या काळी युरोपातल्या हॅटवाल्यांना इथल्या आदिवासींनी अंगावर वापरून जुने केलेले बीव्हरचे अंगरखे जास्त आवडायचे, कारण घामाने आणि घासून लांब कडक केस गळून फक्त मऊ लव उरायची आणि त्यांना फेल्टसाठी, म्हणजे लव दाबून केलेल्या हॅटच्या कापडासाठी, तीच हवी असायची. १६७० साली सुरू झालेली, कातड्यांचा व्यापार करणारी हडसन्स बे कंपनी याच लवेवर उभी राहिली आणि १९३७ पासून कॅनडाच्या पाच सेंटच्या नाण्यावर हा प्राणी बसलाय.

लगेच पुढचं करायला वेळ नसेल तर प्रामाणिकपणे फ्रीझर वापरा. आतली बाजू आतल्या बाजूला लावून घडी, गुंडाळी, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, हवा काढून. बाहेर काढाल तेव्हा रात्रभर थंड जागी सुटू द्या, गरम पाण्यात टाकू नका, कारण कडा आधी सुटतात आणि मधला भाग दगड असतानाच कडा सडायला लागतात.

खरवडल्यावर भांड्याच्या लिक्विड साबणाने आतून-बाहेरून एक धुणं, निथळणं, आणि मग मीठ. मीठ बारीक आणि आयोडीन नसलेलं, लोणच्याचं चालतं, जाड खडे नकोत कारण ते सगळीकडे पोचत नाहीत. अंदाज म्हणजे कातड्याच्या वजनाइतकं मीठ, मोठ्या बीव्हरला दोन-तीन किलो घरात असू द्या, अर्ध्या रात्री संपलं की पंचाईत. आतल्या बाजूवर ओतून हाताने चोळा, कानांच्या मुळाशी, ओठांच्या घडीत, पायांच्या भोकांच्या कडेला, जिथे आपल्याला कंटाळा येतो तिथे जास्त. मग घडी घालून उतारावर ठेवा म्हणजे सुटणारं पाणी वाहून जाईल, दुसऱ्या दिवशी ओलं मीठ झटकून टाकायचं, परत वापरायचं नाही, आणि नवीन लावायचं. उन्हात किंवा हीटरसमोर वाळवायचं नाही, वरून कडक होतं आणि आत ओल राहते.

एक महत्त्वाचं. हे कातडं घरी कमावणार असाल तर मीठ, पण लिलावात विकायचं असेल तर मीठ अजिबात नाही, ते प्लायवूडच्या फळीवर खिळ्यांनी गोलसर ताणून नुसतं वाळवतात. आमच्या भागातला मोठा लिलाव नॉर्थ बे या गावी होतो, तिथे लांबी अधिक रुंदी इंचांत मोजतात आणि ६५ च्या वर गेलं की त्याला ब्लँकेट म्हणतात. आधी ठरवा, मग मिठाला हात लावा, नाहीतर आजोबांची बोलणी खाल. मी खाल्लीत.

शेवटची पायरी पिकल, म्हणजे आंबट पाणी, आपल्या लोणच्याशी नातं फक्त नावाचं. चार लिटर पाण्याला साधारण ४५० ग्रॅम मीठ आणि ८५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) २ च्या खाली राहिला पाहिजे, म्हणून पीएचच्या पट्ट्या आणून ठेवा, जिभेने किंवा अंदाजाने होत नाही. टब प्लॅस्टिकचा, लोखंडाचं काहीही नाही. दुसरं कडक ॲसिड वापरणार असाल तर पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. मिठाने वाळलेलं कातडं असेल तर आधी गार पाण्यात भिजवून मऊ करून घ्या, कडक कातडं तसंच टाकलं तर आतपर्यंत पिकल जात नाही. किमान तीन दिवस, रोज दोनदा ढवळायचं, जाड भाग बाहेर काढून सुरीने पातळ करायचा आणि परत टबात टाकायचं. मानेला चिमटीत धरून घडी दाबली आणि ती घडी आरपार पांढरी दिसली तर पिकल मुरलं.

आणि बाहेर काढून निथळलं की लगेच वजन घेऊन चिठ्ठीवर लिहून कातड्याला बांधा, कारण टॅनचं प्रमाण बऱ्याच डब्यांवर याच निथळलेल्या वजनावर दिलेलं असतं. वजनाला आम्ही हुकचा काटा वापरतो, भारतात जाताना बॅगा तोलायचा तोच, फक्त त्याच्यासाठी आता वेगळी पिशवी शिवलीये आणि त्यावर मार्करने मोठ्ठं 'गॅरेज' लिहिलंय.