बरोक, रोकोको, नवअभिजात की रोमँटिक? चित्र ओळखायची रीत

युरोपातलं १६०० ते १८५० या काळातलं चित्र समोर आलं की आपण आधी विषय बघतो. देव आहे, राजा आहे, झाडंझुडपं आहेत. घोळ तिथेच सुरू होतो. ग्रीक-रोमन पुराणकथा बरोक, रोकोको, नवअभिजात (निओक्लासिकल) आणि रोमँटिक या चारही शैलींत आहेत, येशू आहे, लढाया आहेत, उघड्या अंगाच्या अप्सराही आहेत. विषयावरून फारसं काही ठरत नाही. प्रकाश कुठून येतो, कथेतला कोणता क्षण पकडलाय, आकृत्या कशा मांडल्यात आणि रंग कसा लावलाय, या चार गोष्टी बघायच्या, आणि याच क्रमाने. चित्राशेजारची माहितीची पाटी शेवटी वाचायची. ती आधी वाचली की डोळे पाटीत लिहिलेलंच शोधत बसतात.

काळाचा ढोबळ अंदाज असू द्या: बरोक साधारण १६०० ते १७२०, रोकोको १७१५ ते १७७०, नवअभिजात १७६० ते १८२०, रोमँटिक १७९० ते १८५०. हे कप्पे एकमेकांवर चढलेले आहेत. १८१४ साली पॅरिसमध्ये नवअभिजात आणि रोमँटिक चित्रकार एकाच वेळी कामं करत होते, त्यामुळे सालावरून शैली सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

पहिली गोष्ट प्रकाश. चित्रापासून लांब उभे राहा आणि डोळे इतके किलकिले करा की नाकडोळे दिसेनासे होऊन फक्त उजेड-अंधाराचे ठिगळ उरतील. पडद्यावर बघत असाल तर फोटोतला रंग पूर्ण काढून कृष्णधवल करा. मग विचारा: अंधार किती, उजेड एका बाजूने येतो की सगळीकडे पसरलाय, आणि दोघांमधली सीमा कडक आहे की विरघळलेली?

चित्राचा अर्धा किंवा त्याहून जास्त भाग काळोखात आणि उजेड एकाच बाजूने तिरका आत घुसलेला असेल, तर बरोककडे झुकायला हरकत नाही. कॅरावॅज्जोचं ‘संत मॅथ्यूला पाचारण’ (१५९९–१६००) रोममधल्या सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये आजही मूळ जागी आहे. चित्रातल्या भिंतीला मोठी खिडकी आहे, पण तिच्यातून उजेड येतच नाही. तो येतो उजवीकडून, चौकटीच्या बाहेरून, येशूच्या डोक्यावरून, आणि टेबलाशी पैसे मोजत बसलेल्यांच्या तोंडावर पडतो. ज्या चॅपलमध्ये ते टांगलंय तिथली खरी खिडकीही त्याच बाजूला, वेदीच्या वर आहे. म्हणजे चित्रातला उजेड खोलीतल्या उजेडाला जोडून घेतलाय. बघणाऱ्याला प्रसंगात ओढून घ्यायची ही खटपट बरोकचा गाभा आहे, आणि ती छापील पुस्तकात अजिबात कळत नाही.

रोकोकोत किलकिल्या डोळ्यांना काळे ठिगळ फारसे सापडत नाहीत. उजेड दुधाळ आणि पसरलेला. गुलाबी, फिकट निळा, मोतिया. नवअभिजात चित्रात प्रकाश बाजूने येतो, पण काही गिळत नाही: पुढच्या आकृत्या स्वच्छ, मागची भिंत शांत आणि काळपट. रोमँटिक चित्रात प्रकाश हीच घटना असते. मावळता सूर्य, धुकं, आग, कंदील. गोयाच्या ‘३ मे १८०८’ (१८१४) या चित्रात उजेडाचं एकमेव साधन म्हणजे गोळीबार पथकापुढे जमिनीवर ठेवलेला कंदील, आणि तो सगळा उजेड हात वर केलेल्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

दुसरी गोष्ट क्षण. नवखा माणूस इथे जास्तीत जास्त कमावतो, म्हणून इथे रेंगाळा. कथेतला नेमका कोणता क्षण आहे, आणि पुढच्या एका सेकंदात काय होईल, हे स्वतःला विचारा.

बरोकमध्ये कृती अर्ध्यावर असते. बेर्निनीचा ‘डेव्हिड’ (१६२३–२४) हा संगमरवरी पुतळा बघा; तो गोफण फिरवताना पिळवटलेला आहे, ओठ दातांत घट्ट धरलेत. पुढच्या सेकंदाला दगड सुटणार. रोकोकोत पुढच्या सेकंदाला काहीच बिघडत नाही. फ्रागोनारच्या ‘झोपाळ्या’त (साधारण १७६७) बाईच्या पायातला बूट उडालाय, डावीकडे झुडपात लपलेला प्रियकर वर बघतोय, आणि मागे अंधारात एक वयस्क गृहस्थ दोऱ्या ओढतोय, त्याला कशाचा पत्ता नाही. फार तर बूट शोधावा लागेल.

नवअभिजात चित्रकार निर्णयाचा क्षण निवडतो आणि तो थिजवतो. झाक-लुई दाव्हिदचं ‘होरातींची शपथ’ (१७८४) बघा: डावीकडे रोमसाठी लढायची शपथ घेत हात पुढे केलेले तीन भाऊ, मध्ये बाप तीन तलवारी उंच धरून, उजवीकडे खचलेल्या बायका. मागे तीन कमानी, आणि प्रत्येक कमानीखाली एकेक गट. लढाई दाखवलेली नाही, रक्त नाही. फक्त ठरवणं आहे. रोमँटिक चित्रात ठरवणं माणसाच्या हातातून गेलेलं असतं. जेरिकोच्या ‘मेदुसाचा तराफा’ (१८१८–१९) या चित्रात माणसं ज्या जहाजाला फडकी हलवून खुणावतायत ते उजवीकडे क्षितिजावर तिळाएवढं दिसतं. ते वळेल की निघून जाईल, हे चित्र सांगत नाही. घटना खरी, मेदुसा या जहाजाच्या १८१६ सालच्या अपघाताची: तराफ्यावरच्या १४७ जणांपैकी १५ जण जिवंत हाती लागले.

तिसरी गोष्ट मांडणी. चित्रावर बोटाने, अर्थात लांबूनच, मुख्य रेषा ओढून बघा. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणारी तिरकी रेषा सापडली तर बरोक. अँटवर्पच्या कॅथीड्रलमधलं रुबेन्सचं ‘क्रूसावरून उतरवणं’ (१६१२–१४) त्यासाठी उत्तम, पांढऱ्या कापडाबरोबर देह तिरका घसरत खाली येतो. वेटोळी, नागमोडी वळणं म्हणजे रोकोको. उभ्या-आडव्या रेषा आणि नाटकाच्या रंगमंचासारखी उथळ जागा म्हणजे नवअभिजात. रोमँटिक चित्रांत एक ठरावीक सांगाडा नाही. तराफ्यात तिरकी रेषा आहेच. कास्पार डेव्हिड फ्रीड्रिशच्या धुक्याच्या समुद्रावरच्या भटक्यात (साधारण १८१८) माणूस बरोबर मधोमध, पाठमोरा, आणि समोर धुकंच धुकं. इथे रेषा मोजण्यापेक्षा निसर्गापुढे माणूस केवढा उरतो ते बघावं.

चौथी गोष्ट पृष्ठभाग, आणि यासाठी जवळ जायला हवं किंवा संग्रहालयाच्या संकेतस्थळावरची मोठी प्रतिमा उघडायला हवी. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्राँच्या ‘नाइट वॉच’ची ७१७ गिगापिक्सेलची प्रतिमा खुली केली आहे, त्यात रंगाच्या भेगासुद्धा मोजता येतात. आकृतीची कड मागच्या रंगात कुठे मिसळते ते शोधा. नवअभिजात चित्रात ती मिसळत नाही. कड कापल्यासारखी, रंग गुळगुळीत, ब्रशचा फटकारा लपवलेला. बरोकमध्ये उजेडाच्या जागी रंग जाड आणि सावलीत पातळ, पारदर्शक. रोकोकोत फटकारे हलके आणि झपझप. देलाक्रवाच्या ‘दान्तेची नाव’ (१८२२) मध्ये खाली पाण्यात तडफडणाऱ्या नरकातल्या शापितांच्या अंगावरचे पाण्याचे थेंब बघा: लाल, पिवळा, हिरवा, पांढरा असे सुटे ठिपके शेजारी शेजारी ठेवलेत, मिसळलेले नाहीत. लांबून थेंब, जवळून नुसता रंग. ही क्लृप्ती तो रुबेन्सकडून शिकला, म्हणूनच या दोघांत गल्लत होते. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाकडे परत जा; क्षण सहसा निकाल लावतो.

आता निकाल. चारपैकी तीन उत्तरं एका शैलीकडे बोट दाखवत असतील तर बिनधास्त नाव घ्या. दोन-दोन अशी फाटाफूट झाली तर चित्र खरोखरच सीमेवरचं असू शकतं. मग पाटी वाचा.

दाव्हिदच्या ‘माराचा मृत्यू’ (१७९३) वर हे घासून बघण्यासारखं आहे; मारा हा फ्रेंच क्रांतीतला पुढारी, त्याचा न्हाणीच्या टबात खून झाला. वरचा निम्मा भाग रिकामा आणि काळपट, उजेड एका बाजूने, लोंबणारा हात थेट कॅरावॅज्जोच्या मृत येशूची आठवण करून देणारा. पहिल्या प्रश्नावर चित्र बरोक ठरतं. पण क्षण? सगळं संपलंय, काही हलत नाही. मांडणी? टब, फळी, पेटी, सगळं आडवं-उभं. पृष्ठभाग? अंगावर फटकारा सापडत नाही. तीन विरुद्ध एक, नवअभिजात. अँग्रची ‘मोठी ओदालिस्क’ (१८१४) याच्या उलट फसवते: विषय पूर्वेकडच्या जनानखान्याचा, म्हणजे रोमँटिकांच्या आवडीचा, पण कड आणि कातडी पक्की नवअभिजात. पाठ मात्र शरीरशास्त्राला न जुमानता लांबवलेली आहे, त्यामुळे ती दाव्हिदच्या शिस्तीतही नीट बसत नाही. अशा चित्राला एकच बिल्ला लावायचा हट्ट आम्ही तरी धरणार नाही.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या या.

बरोक म्हणजे नाट्य, असं घोकून ठेवलं की व्हर्मीर हातून सुटतो. ‘दूध ओतणारी’ (साधारण १६५८–६०) जेमतेम ४५ बाय ४१ सेंटिमीटरची, आणि त्यात दुधाच्या धारेखेरीज काही हलत नाही. हॉलंडमध्ये गिऱ्हाईक प्रॉटेस्टंट व्यापारी होता, चर्चला भव्य वेदीचित्रं नको होती, घराच्या भिंतीला छोटी चित्रं हवी होती. म्हणून आवाज खाली आला. खिडकीतून एका बाजूने येणारा उजेड मात्र राहिला.

दुसरी चूक व्हार्निशची. जुनं व्हार्निश पिवळं-तपकिरी होतं आणि कुठलंही चित्र ‘बरोक’ दिसू लागतं. ‘नाइट वॉच’ (१६४२) हे नावच काळवंडलेल्या चित्रावरून पडलं. १९४० च्या दशकात ते साफ केल्यावर प्रसंग दिवसाचा असल्याचं दिसलं. तराफ्याच्या काळेपणातही जेरिकोने वापरलेल्या बिट्युमेन या डांबरी रंगाचा हात आहे. तो रंग नीट वाळत नाही, वर्षं जातील तसा काळा पडतो आणि सुरकुततो. अंधार मोजताना आकाश, पांढरं कापड आणि कातडी बघा. ही तिन्ही पिवळट असतील तर दोष व्हार्निशचा.

तिसरी आकाराची. मोबाइलवर सगळी चित्रं तळहाताएवढी. गच्चीवर खडूने ४९१ बाय ७१६ सेंटिमीटरचा आयत आखा, हा तराफा. त्याच्या कोपऱ्यात ८१ बाय ६४ चा आखा, हा फ्रागोनारचा झोपाळा. एक जाहीर प्रदर्शनात गर्दीला हादरवण्यासाठी, दुसरा एका धनिकाच्या खासगी दालनासाठी. हे एकदा अंगवळणी पडलं की पाटीवर सगळ्यात आधी मापं वाचायची सवय लागते, आणि ती चांगली सवय आहे.

सरावाला युरोपच गाठायला हवं असं नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाच्या संग्रहातून आलेली युरोपीय तैलचित्रं आहेत. फोर्टातली एशियाटिक सोसायटीची इमारत, म्हणजे १८३३ साली पुरा झालेला टाऊन हॉल, डोरिक खांबांचा अस्सल नवअभिजात नमुना. वेरूळच्या लेण्यांची थॉमस डॅनियलने जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून केलेली, १८०३ सालची छापचित्रं मिळाली तर तीही बघा. कड्यापुढे माणूस केवढा उरतो हा प्रश्न तिथे कामी येतो.

बरोकसाठी जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या बॅसिलिकात जावं. वेदीचं सोनेरी काम बघून झालं की उजव्या हाताच्या सेंट झेवियरच्या समाधीकडे वळा. चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांची, १६३० च्या दशकातली. तिच्याखालचा रंगीत दगडांचा चौथरा मात्र फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीचा, तिसऱ्या कोझिमो मेदिचीने भेट म्हणून पाठवलेला, १६९८ मध्ये इथे बसवलेला. बहुतेकांच्या नजरा पेटीवरच खिळतात. चौथऱ्याच्या चार बाजूंना संताच्या आयुष्यातल्या प्रसंगांचे कांस्य फलक आहेत. आत उजेड कमी असतो, म्हणून डोळे सरावायला पाचेक मिनिटं द्या, आणि त्यांच्यावर क्षणाचा प्रश्न लावून बघा.