कॉलेजच्या दारात जाताना काय न्यावं

नववीला कॉम्प्युटर सायन्सचा नवा विषय सुरू करायचा, त्यामागे विद्यापीठाचा पाठिंबा उभा करायचा, म्हणून पहिल्या वर्षी मी हापूसची पेटी आणि 'सहकार्य मिळावे' असा अर्ज घेऊन एका कॉलेजात गेले. चहा मिळाला. पत्रही मिळालं, 'उपक्रमास शुभेच्छा'. त्या पत्रावर आमच्या संस्थेने मला आठवड्याची एक तासिकासुद्धा दिली नाही.

तेव्हा आधी जायचं कुठे ते ठरवा. आमची शाळा दापोली तालुक्यात. लोक म्हणतात, दापोलीतच विद्यापीठ आहे की! आहे, पण कृषी. रत्नागिरी जिल्ह्यातली बीएस्सीची कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. थेट कलिन्याला, म्हणजे मुंबई विद्यापीठाकडे, अर्ज पाठवाल तर तो आवक रजिस्टरात निजेल. जवळच्या कॉलेजातला कॉम्प्युटरचा विभागप्रमुख गाठा. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळावर, कोण आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं.

हातात पेटी नको, पोरांचं काम न्या. आमच्या निम्म्या पोरांच्या घरी होडी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांना आज्यापासून माहीत: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याचाच पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत छोटा प्रोग्राम करून घेतला आणि छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिला. पौर्णिमेकडे जाताना उत्तर मागे पडायला लागलं. एका पोरीनेच कारण शोधलं: पाऊणपट म्हणजे रोज 45 मिनिटं, भरती मात्र रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. ती वही विभागप्रमुख सरांपुढे ठेवली. सरांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "हे नववीतलं?" त्यानंतर मला फार बोलावं लागलं नाही.

मागणं मोजकं ठेवा. मी तीनच गोष्टी मागितल्या. एकपानी अभ्यासक्रमावर लाल शाई चालवा. शनिवारी दोन विद्यार्थी पाठवा. आणि पत्रात स्पष्ट लिहा, की या विषयाचा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगला उपयोग होईल. पहिल्या वाक्यात शुभेच्छा असल्या तरी चालेल, दुसऱ्यात हे हवंच.

विद्यार्थी मागताना संकोच नको. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना फील्ड प्रोजेक्ट आणि समाजाशी जोडलेल्या कामाचेही क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे श्रेयांक, मिळवावे लागतात. कॉलेजं त्यासाठी जागा शोधतच असतात. हजेरीपत्रक आणि शेरा आपण द्यायचा, एवढंच.

क्रेडिट मात्र आपल्या पोरांसाठी मागू नका. अमेरिकेत 2016 साली 'एपी कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स' हा हायस्कूलचा, पण कॉलेजच्या पातळीचा विषय सुरू झाला. त्याआधी विद्यापीठांतही त्याचे प्रायोगिक वर्ग झाले होते, आणि त्याच्या परीक्षेत चांगले गुण मिळाले तर बऱ्याच कॉलेजांत क्रेडिट मिळतं. आपल्या नववीला ती सोय नाही. ती मागितली की समोरचा नियमावली काढतो आणि बोलणं तिथेच संपतं.

वेळ साधा. गणपती आणि शिमग्यात कोणी भेटत नाही. परीक्षा आटोपल्यावर, जूनचं वेळापत्रक लागायच्या आत जा. अभ्यासक्रमात कागदावरचे धडेही दाखवा, कारण जुलैत आमच्याकडे लाइट असेलच असं नाही. आंब्याच्या फळांची वजनाप्रमाणे मांडणी करायला, म्हणजे सॉर्टिंग शिकवायला, कॉम्प्युटर लागत नाही, तराजू पुरतो. सरांना तो धडा सगळ्यात आवडला.

पत्र आलं की सही-शिक्का तपासा. झेरॉक्स संस्थेला द्या, मूळ प्रत स्वतःच्या फाइलला. मी उलटं केलं, मूळ पत्र अजून परत आलेलं नाही.