चर्चच्या मंडळीत कोणाची काय गरज आहे हे ओळखायचं कसं आणि मग करायचं काय

उपासना सुटली की दारात सगळेच "काय, बरंय ना" विचारतात आणि सगळेच "हो, देवाची कृपा" म्हणतात, तिथे काही कळत नाही. कळतं ते प्रार्थनेच्या विनंत्यांमधून, आणि तेही आडून. "मुलाच्या शिक्षणासाठी प्रार्थना करा" म्हणजे बऱ्याचदा फी थकलीये, "यांच्या कामासाठी" म्हणजे नोकरी सुटलीये आणि घरात कोणाला सांगितलेलं नाही. त्यामुळे घरगुती प्रार्थनासभेत जो विनंत्या लिहून घेतो त्याने आमेन झालं की वही मिटायची नाही, दुसऱ्या दिवशी फोन करायचा, "मावशी काल तुम्ही म्हणालात ना, नेमकं काय झालंय?" एवढंच. मागायला लोक मरणाचे लाजतात, म्हणून विचारायचं काम आपलं.

आणि सगळं पाळकसाहेबांच्या, म्हणजे पास्टरांच्या, गळ्यात घालू नका. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा 6 वा अध्याय काढून बघा, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलतात अशी कुरकुर झाली तेव्हा प्रेषित स्वतः वाढायला उभे राहिले नाहीत, त्यांनी सात जण निवडायला सांगितले, आणि स्तेफन, फिलिप्प धरून सातही नावं ग्रीक आहेत! म्हणजे वाटपाचं काम बहुतेक तक्रार करणाऱ्यांच्याच माणसांकडे गेलं. आपल्याकडे उलटं, कमिटीत तीच ती जुनी घराणी आणि त्यांना भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचं काय कळणार. तेव्हा चार-पाच जणांची टीम करताना त्यात एक घरकाम करणाऱ्या ताई, एखाद्या विधवा काकू आणि गावाकडून येऊन रूमवर राहणारा एक पोरगा हवाच.

पैशाचं आधीच ठरवून टाका. गरीब फंडाचा हिशोब वेगळा, दोघांच्या सह्या, कोणाच्या पर्सनल जीपेवर काही नाही. फी असेल तर थेट शाळेत भरा, औषधं असतील तर मेडिकलवाल्याचं बिल भागवा. वार्षिक अहवालात "शिक्षणासाठी मदत, 4 कुटुंबं" एवढं बास, नावं वाचू नका, आणि किराण्याची पिशवी देतानाचा फोटो ग्रुपवर टाकणाऱ्याला सरळ डिलीट करायला लावा. अजून एक, उसने म्हणून देऊ नका. पैसे परत करणं जमलं नाही की तो माणूस तोंड चुकवायला लागतो आणि हळूहळू चर्चला यायचाच बंद होतो. द्यायचे तर देऊन टाका, नाहीतर जमणार नाही म्हणून सांगा.

हॉस्पिटलच्या वेळी मात्र पैशापेक्षा कागदपत्रं जाणणारा माणूस जास्त कामाला येतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते ॲडमिट करतानाच विचारायचं, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला आधार आणि रेशनकार्ड दाखवायचं. महाराष्ट्रातल्या धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. त्यासाठी तिथल्या सोशल वर्करला भेटा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा. मंडळीतला एखादा रिटायर्ड क्लार्क यात तरबेज असतो, त्याला हेच काम द्या, प्रवचनापेक्षा बरं. बाकीच्यांनी रात्री झोपायला कोण थांबणार आणि कोणाचा रक्तगट काय याची यादी तयार ठेवायची. आणि भेटायला गेलात तर दहा मिनिटं बसा, छोटी प्रार्थना करा आणि निघा, सलाईन लावलेल्या माणसाला अर्धा तास वचन ऐकवू नये.

मयत झाली की तीन-चार दिवस घर भरलेलं असतं, पिठलं-भाकरी इतकी येते की उरते. खरी पंचाईत महिन्याभराने, पाहुणे गेले, पेन्शनचे नाहीतर बँकेचे फॉर्म तसेच पडलेत आणि संध्याकाळी एकटीसाठी स्वयंपाक करायचा जीव होत नाही. म्हणून महिला मंडळाने डब्याच्या पाळ्या पहिल्या आठवड्यात नाही, पुढे लावाव्यात, आठवड्यातून दोन डबे आणि बँकेत सोबत जायला एक जण.

पैसे द्यायची ऐपत नसलेल्यांना वगळू नका. मिझोराममध्ये 1910 पासून बायका रोजच्या स्वयंपाकाच्या तांदळातून मूठभर बाजूला काढून चर्चला देतात, बुहफाय थाम म्हणतात त्याला, आणि त्यातून तिथलं केवढं तरी मिशनकार्य चालतं. आपल्याकडे ज्वारी, डाळ काहीही चालेल, एक डबा चर्चच्या मागच्या खोलीत ठेवा आणि किल्ली त्या विधवा काकूंकडेच द्या, न्यायला येणाऱ्याला त्यांच्यासमोर लाज कमी वाटते.