प्रेसशॉपमध्ये धोका दिसला तर कसं बोलायचं

भोसरीत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या, वाकवणाऱ्या मशीनवर, माझी बावीस वर्षं गेली. नव्या पोरांनो, प्रेसचं बटन टेपने बांधलेलं दिसलं तर गप्प राहू नका.

दोन्ही हात दोन बटनांवर असले तरच रॅम, म्हणजे वरचा दाबणारा भाग, खाली येतो, म्हणून हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, सापडत नाही. एक बटन टेपने दाबून ठेवलं की एक हात मोकळा होतो आणि तासाला नग जास्त निघतात. नव्या कंट्रोलवर दोन्ही बटनं सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोकच पडत नाही, जुन्या प्रेसवर ही सोय नसते. शेजारच्या मशीनवर अशी टेप मी तीन दिवस बघितली. टार्गेट निघत होतं, इनचार्ज तापट होता, मी बोललो नाही. चौथ्या दिवशी ठेकेदाराच्या हेल्परची दोन बोटं गेली. त्याचा हात कापडात मीच गुंडाळला.

आधी खिशातल्या डायरीत मशीन नंबर, तारीख, वेळ आणि काय दिसलं ते लिहा. टेप कुणी लावली ते लिहू नका, नाहीतर भांडण माणसाचं होतं आणि मशीन तसंच राहतं. शिफ्ट सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी इनचार्जला गाठा, चारचौघांत नको. मी असं म्हणतो: "साहेब, चार नंबरचं डावं बटन बांधलंय. मेंटेनन्स येईपर्यंत मला दुसऱ्या मशीनवर द्या." काम नाकारलं असं कुणाला म्हणता येत नाही.

ऐकलं नाही तर तेच वाक्य शिफ्टच्या रजिस्टरमध्ये लिहा, मग सेफ्टी कमिटीतल्या कामगार सदस्याकडे जा. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेचं १४ वं कलम सांगतं, की गंभीर इजेची भीती वाटली तर कामगार मालकाला थेट किंवा कमिटीमार्फत कळवू शकतो, आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही. आपल्याकडे ते खातं म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय.

ठेकेदाराच्या पोराला पुढे करू नका. त्याला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतात. तुम्ही परमनंट असाल तर तुम्ही बोला, सोबत एक जुना सेटर, म्हणजे डाय बसवणारा कारागीर, घ्या.

टेप निघाल्यावरही आठवडाभर रोज ते बटन दाबून बघा. रात्रपाळीत ती परत लागते.